वेळापूरचा गडी चेन्नईच्या वाट्याला

माउलींची पालखी नातेपुत्याहून हलली की पुढचा मुक्काम माळशिरस आणि त्यापुढचा वेळापूर. कोरोनामुळे दोन वर्षं पायी वारी झाली नव्हती, त्यामुळे 2022 च्या जुलैत या रस्त्यावर माणूस मावत नव्हता. आषाढी उरकली, दिंड्या परतीला लागल्या आणि त्याच सुमारास पुण्यात एक वेगळीच वाटणी झाली. अल्टिमेट खो-खो नावाच्या नव्या व्यावसायिक लीगचे सहा संघ खेळाडू निवडायला बसले. सगळ्यांनी मिळून जवळपास दीडशे गडी उचलले. त्यात चेन्नई क्विक गन्सच्या वाट्याला जे आले, त्यांत वेळापूरचा रामजी कश्यप होता. परप्रांतातून पोटापाण्यासाठी येऊन वेळापुरात स्थिरावलेल्या कुटुंबातला हा मुलगा, ऐन विशीतला. चेन्नईकडून खेळशील का, की मुंबई बरी, असं त्याला कुणी विचारलं नाही. या पद्धतीत ते विचारतच नाहीत.

पद्धतीचं नाव ड्राफ्ट. आयपीएलमुळे आपल्याकडे घरोघरी लिलाव ठाऊक झाला. हातोडा, बोली, वाढत जाणारे आकडे, पडद्यावर मालकांचे चेहरे. प्रो कबड्डीतही तेच. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला 12 लाख 80 हजार मिळाले होते आणि 2023 मध्ये पवन सेहरावतची बोली अडीच कोटींच्या पुढे गेली. लिलावात ज्याचा खिसा मोठा त्याचा आवाज मोठा. ड्राफ्टमध्ये हातोडाही नाही आणि बोलीही नाही. संघांचा क्रम लावायचा, पहिल्याने एक नाव घ्यायचं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. ज्याचं नाव घेतलं तो त्या संघाचा. पैसे किती, हे नाव घेण्याआधीच ठरलेलं असतं. पुण्यातल्या त्या निवडीत खेळाडूंचे ए, बी, सी, डी असे चार गट पाडले होते. वरच्या गटाला हंगामाचे पाच लाख आणि तळाच्या गटाला एक लाख.

ही कल्पना अमेरिकेतली आणि ती निघाली एका तोट्यातल्या मालकाच्या डोक्यातून. बर्ट बेल हा फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मालक. कॉलेजातून बाहेर पडणारे चांगले खेळाडू दरवर्षी शिकागो, न्यू यॉर्क असल्या श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडे जात आणि बेलचा संघ हरतच राही. त्याने 1935 मध्ये सुचवलं की जो सर्वांत खाली, त्याने सर्वांत आधी निवडावं. 1936 मध्ये असा पहिला ड्राफ्ट झाला. पहिला मान मिळाला जे बरवँगर या शिकागो विद्यापीठाच्या खेळाडूला आणि तो पठ्ठ्या व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! बास्केटबॉलने 1947 मध्ये हीच पद्धत उचलली. तिथला पहिला मानकरी क्लिफ्टन मॅकनीली. त्यानेही नकार दिला आणि टेक्ससमधल्या एका हायस्कूलात मुलांना खेळ शिकवायला गेला. त्या काळात मास्तरकी हा बास्केटबॉलपेक्षा भरवशाचा धंदा होता.

आज चित्र पार पालटलं आहे. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये तीस संघ आहेत. दर जूनमध्ये दोन फेऱ्यांत साधारण साठ नावं पुकारली जातात. जगभरातून हजारो पोरं या साठात यायला धडपडतात. ज्या वर्षी ड्राफ्ट, त्या वर्षी मुलगा एकोणीस वर्षांचा होत असला पाहिजे आणि अमेरिकन असेल तर हायस्कूल संपून किमान एक वर्ष लोटलेलं हवं. कॉलेजात शिकत असतानाही नाव देता येतं. मग शिकागोत चाचण्या होतात. तिथे मुलाची अनवाणी उंची मोजतात, दोन्ही हात पसरल्यावर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर मोजतात, जागच्या जागी किती उंच उडतो ते पाहतात. संघांचे लोक मुलाखती घेतात. आपला नंबर लागणार नाही असं दिसलं तर ठरलेल्या तारखेच्या आत नाव मागे घेऊन पुन्हा कॉलेजात जाता येतं. ही सोय फार महत्त्वाची. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला स्वतःची किंमत कुठून कळणार?

पहिल्या फेरीत नाव आलं तर पहिल्या दोन वर्षांचा पगार पक्का. दुसऱ्या फेरीत आलं तर तशी हमी नाही. म्हणजे तिसावा आणि एकतिसावा यांच्या खेळात फरक असो-नसो, नशिबात मोठा फरक पडतो.

शेवटच्याने आधी निवडायचं म्हटलं की शेवटचा येण्याची स्पर्धा लागणार, हे उघड होतं. 1984 च्या आसपास ह्यूस्टनसारखे संघ मुद्दाम हरतात अशी ओरड झाली आणि 1985 पासून सोडत सुरू झाली. बाद फेरी न गाठलेल्या चौदा संघांची नावं सोडतीत येतात. यंत्रात चौदा चेंडू फिरतात, त्यांतले चार बाहेर येतात आणि त्या चार आकड्यांची जुळणी ज्याच्या नावावर, तो पहिला. आता तळाच्या तीन संघांना पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता प्रत्येकी 14 टक्के असते. 2025 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सची शक्यता होती अवघी 1.8 टक्के. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी लुका डोंचिच हा आपला हुकमाचा एक्का लॉस एंजलिसला देऊन टाकला होता आणि त्यावरून त्यांचेच प्रेक्षक त्यांना शिव्या घालत होते. सोडत निघाली ती डॅलसची. त्यांनी कूपर फ्लॅग या अठरा वर्षांच्या मुलाला घेतलं. दैव देतं आणि कर्म नेतं असं आपण म्हणतो, इथे कर्माने नेलेलं दैवाने परत आणून दिलं.

याच डॅलसने त्याआधी दहा वर्षं एका भारतीय मुलाचं नाव पुकारलं होतं. पंजाबातल्या बल्लो के या छोट्या गावचा सतनामसिंग भामरा. शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत तो घडला आणि चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. 25 जून 2015 रोजी न्यू यॉर्कमध्ये 52 व्या क्रमांकावर त्याचं नाव आलं. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. आपल्या वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली. पुढे काय झालं, यावर मात्र फारसं छापून आलं नाही. सतनाम एनबीएचा एकही सामना खेळला नाही. डॅलसच्या दुय्यम संघात काही काळ काढून तो परतला, 2020 मध्ये उत्तेजक सेवनाबद्दल त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि नंतर तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरला. उलट कॅनडात जन्मलेल्या सिम भुल्लरला 2014 च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं आणि एप्रिल 2015 मध्ये एनबीएच्या मैदानात उतरणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला तो हाच. आणि सर्बियाचा निकोला योकिच? 2014 मध्ये 41 व्या क्रमांकावर त्याचं नाव आलं तेव्हा अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर खाण्याच्या पदार्थांची जाहिरात चालू होती. तो पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

निवडणाऱ्यांची नजर चुकते, हे आपल्याकडेही घडलं आहे. 2008 मध्ये आयपीएलने मोठ्यांचा लिलाव केला, पण एकोणीस वर्षांखालच्या मुलांसाठी ड्राफ्ट ठेवला. पहिली संधी दिल्लीला होती. दिल्लीचाच विराट कोहली समोर असताना त्यांनी प्रदीप सांगवान या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला घेतलं. कोहली बंगळूरच्या वाट्याला गेला. पुढचं सांगायला नको. 2015 च्या डिसेंबरात दोन नव्या संघांसाठी असाच ड्राफ्ट झाला, तेव्हा पहिली निवड पुण्याची होती आणि पुण्याने महेंद्रसिंग धोनीला घेतलं. ती निवड करायला तज्ज्ञ लागत नव्हते.

तेव्हा पुण्यातली 2022 ची निवड ही आपल्या लोकांनी पाहिलेली पहिली नव्हे. पण ती पूर्णपणे आपल्या मातीतल्या खेळाची होती. खो-खोच्या नियमांना पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर 1914 मध्ये आकार आला. शतकभर हा खेळ शाळेच्या पटांगणात आणि तालुक्याच्या मंडळांत जगला. बास्केटबॉलला सिमेंटचं मैदान, दोन फळे, कड्या, जाळ्या आणि बऱ्यापैकी महाग चेंडू लागतो. खो-खोला दोन खांब आणि चुन्याची फक्की पुरते. पुण्याच्या शिरीन लिमयेसारखी मुलगी बास्केटबॉलमध्ये भारताची कर्णधार होते, पण ती शहरातली गोष्ट. माळशिरस तालुक्यात मुलं काय खेळणार, ते गावातल्या मैदानाने आणि शाळेतल्या सरांनी आधीच ठरवलेलं असतं.

वेळापूर म्हणजे अर्धनारी नटेश्वराचं जुनं देऊळ, वारीचा तळ आणि खो-खो. जिल्ह्याच्या स्पर्धांच्या बातम्यांत वेळापूरचं नाव दिसलं नाही असं क्वचितच होतं. इथल्या मुलीही राज्याच्या संघापर्यंत गेल्या. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे भारताची कर्णधार झाली आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. हा सगळा पट्टाच या खेळाचा आहे.

खो-खोत गडी घडतो कसा, हे एकदा जवळून पाहण्यासारखं असतं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मैदानावर पाणी मारलेलं असतं. आठ पोरं चौकोनांत चवड्यावर बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंडं करून. पाठीवर थाप आणि ‘खो’ एकाच वेळी पडला पाहिजे. थाप आधी आणि शब्द नंतर झाला तर सर शिट्टी मारतात. उठणाऱ्याचं पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडतं यावर निम्मा खेळ ठरतो, कारण एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. पळणारा नेमका याचाच फायदा घेतो. खांद्याने एकीकडे झुकायचं, पाय दुसरीकडे टाकायचा. ही हुलकावणी शिकायला वर्षं जातात. आणि सूर मारणं? धावता धावता सगळं अंग हवेत झोकून द्यायचं, हात लांब करून पळणाऱ्याच्या टाचेला बोट लावायचं आणि छातीवर घसरत थांबायचं. मातीवर हे शिकलेल्या पोराच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर वर्षानुवर्षं खपल्या असतात. मॅटवर खेळणाऱ्याला त्या मानाने सुख.

अल्टिमेट खो-खो लीगने या सूर मारण्याला भाव आणला. साध्या स्पर्शाला दोन गुण, तर सूर मारून किंवा खांबावर गडी टिपला तर तीन. ‘वजीर’ नावाचा एक गडी असा ठेवला की तो कुठल्याही दिशेला पळू शकतो. मैदान आखूड केलं, पाळी सात मिनिटांची केली. जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. वजीर आल्यावर दिशेच्या बंधनातली गंमत गेली, हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण 14 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर 2022 या काळात बालेवाडीत रंगलेला पहिला हंगाम लोकांनी घरोघरी पाहिला, हेही खरं. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजना 46-45 असं एका गुणाने हरवलं. तो निकाल फिरवला शेवटच्या टप्प्यात सूरज लांडेने मारलेल्या सुराने. विजेत्याला एक कोटी रुपये मिळाले.

आता संघांची नावं पाहा आणि त्यांचे पहिल्या हंगामातले कर्णधार पाहा. तेलुगू योद्धाजचा प्रतीक वाईकर, चेन्नईचा अमित पाटील, राजस्थानचा मजहर जमादार, मुंबईचा विजय हजारे. लीग देशाची आणि गडी बहुतेक महाराष्ट्राचे. बास्केटबॉलमध्येही 1949 ते 1965 पर्यंत एक नियम होता: आपल्या परिसरात गाजलेला खेळाडू संघाला ड्राफ्टआधीच राखून ठेवता येई, म्हणजे ओळखीचा चेहरा बघायला गावचे लोक तिकीट काढतील. विल्ट चेंबरलेन कान्सासच्या विद्यापीठात खेळत होता, तरी फिलाडेल्फियाने तो आमच्या हायस्कूलचा पोरगा म्हणून 1959 मध्ये आपलासा केला. असा नियम खो-खोत आणला तर मुंबईच्या संघात सगळे जाऊन बसतील आणि चेन्नईला मैदानात उतरायला गडी मिळायचे नाहीत. रामजी चेन्नईला गेला, हे त्या दृष्टीने रास्तच झालं. वेळापूरच्या लोकांना चेन्नईच्या बाजूने ओरडावं लागलं, इतकंच.

तो चेन्नईकडून चमकला आणि अडीच वर्षांनी भारताच्या संघात आला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. 19 तारखेच्या अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध पहिल्याच पाळीत भारताने 26-0 अशी आघाडी घेतली. त्या पाळीची सुरुवात रामजीने सूर मारून गडी टिपला तिथून झाली. निकाल 54-36. त्याच दिवशी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनीही नेपाळला 78-40 असं हरवलं. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

राज्य सरकारने विश्वविजेत्या संघातल्या महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वा दोन कोटींचं बक्षीस जाहीर केलं. शेजारच्या कर्नाटकाने आपल्या दोन खेळाडूंना पाच-पाच लाख देऊ केले, तेव्हा महाराष्ट्राकडे बोट दाखवून त्या दोघांनी ते नाकारले. खो-खोच्या खेळाडूने पाच लाख नाकारावेत, ही गोष्टच 2022 च्या आधी कुणाला खरी वाटली नसती; लीगमधल्या वरच्या गटाची हंगामाची कमाईही तेवढीच होती.

दोन गोष्टी मात्र सलतात.

पहिली मुलींची. लीगचे पहिले दोन हंगाम झाले, दुसरा 2023 च्या डिसेंबरात कटकला सुरू झाला आणि गुजरात जायंट्सने जिंकला. दोन्ही केवळ पुरुषांचे. विश्वचषक जिंकणाऱ्या मुलींना ड्राफ्टच्या यादीत जागाच नव्हती. वेळापूरच्या मैदानावर मुलगा आणि मुलगी एकाच सरांकडे, एकाच संध्याकाळी सूर मारायला शिकतात. पुढे मुलाचं नाव पुकारलं जातं आणि मुलगी पोलीस किंवा रेल्वे भरतीची जाहिरात शोधते. अमेरिकेत महिलांच्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट 1997 पासून चालू आहे. आपल्याला एवढा उशीर का व्हावा, याचं पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही.

दुसरी गोष्ट पैशाची, पण खेळाडूच्या नव्हे. अमेरिकेत ड्राफ्टपर्यंत मुलाला पोचवतं कॉलेज. ते त्याच्या जिवावर तिकिटं विकतं, प्रक्षेपणाचे हक्क विकतं, स्वतःच श्रीमंत असतं. आपल्याकडे ते काम गावातलं मंडळ करतं. त्याच्याकडे विकायला काही नसतं. वर्गणी काढायची, जिल्ह्याच्या स्पर्धेला एसटीने संघ न्यायचा, रात्री शाळेच्या वर्गात झोपवायचं, पोरांच्या बुटांसाठी एखाद्या दुकानदाराकडे शब्द टाकायचा. दहा-बारा वर्षं हे केल्यावर एखादा रामजी निघतो. ड्राफ्टच्या दिवशी त्याच्या नावापुढे चेन्नई लिहिलं जातं. वेळापूर लिहायची तिथे जागा नसते.

जागतिक फुटबॉलने यावर तोड काढली आहे. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के तो बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांत शिकला त्यांना वाटले जातात. फिफाचा तसा नियमच आहे. ब्राझीलच्या एखाद्या खेड्यातल्या क्लबाला युरोपातल्या सौद्याचे पैसे त्यातून मिळतात. खो-खोचे आकडे त्यामानाने चिमूटभर. पाच लाखांच्या गड्यावर पाच टक्के म्हणजे पंचवीस हजार, लाखाच्या गड्यावर पाच हजार. हे पैसे खेळाडूच्या मानधनातून कापायचे नाहीत, संघमालकाने वर द्यायचे. पहिल्या हंगामात अदानी आणि जीएमआरसारखे उद्योगसमूह संघमालक होते. त्यांना ही रक्कम जाणवणारही नाही. मंडळाला मात्र त्यात वर्षभराचे बूट, गुडघ्याच्या पट्ट्या आणि स्पर्धांचं प्रवासभाडं सुटेल.

भारतीय खो-खो महासंघाने आणि लीगच्या चालकांनी पुढच्या ड्राफ्टच्या नियमांत एवढं एक कलम घालावं, आणि खेळाडूच्या नावापुढे संघाबरोबर त्याच्या पहिल्या मंडळाचं नाव छापावं. मुलींचा ड्राफ्ट त्याच दिवशी, त्याच सभागृहात व्हावा. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अकलूजच्या मंडळांनी तशी लेखी मागणी जिल्हा संघटनेमार्फत करायला हरकत नाही.